प्रवक्ता आणि अर्जदार

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रिया विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद व्हावा, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी आणण्याची पुरुषांची मुभा काढून घ्यावी, आणि देशातील सर्व स्त्रियांना एकच नागरी कायदा लागू व्हावा, असे त्यांचे मागणे होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी हा मोर्चा काढला होता, आणि त्यांच्या चरित्रात त्या दिवसाला जे स्थान मिळावयाचे ते मिळालेले आहे; मला येथे त्या मागण्यांपेक्षा मागण्याच्या रीतीविषयी बोलावयाचे आहे. मुसलमानांच्या नावाने सरकारदरबारी बोलणारी माणसे या देशात त्यापूर्वी काही थोडी होऊन गेली नव्हती. त्यांत नवाब होते, बॅरिस्टर होते, मौलवी होते, कायदेमंडळाचे सभासद होते, आणि ‘आमच्या समाजाचे म्हणणे असे आहे’ या शब्दांनी त्यांचे बोलणे सुरू होत असे. या सात जणींना समाजाचे म्हणणे सांगण्याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता, आणि मागितला असता तर कोणी दिलाही नसता. ज्या दुःखाची त्यांना स्वतःला ओळख होती, ते घेऊन त्या सरकारच्या दाराशी गेल्या. त्या कोणाच्या प्रवक्त्या नव्हत्या; अर्जदार होत्या.

हा भेद वरवर पाहता शाब्दिक वाटेल. पण माणूस प्रजेचा नागरिक कशाने होतो, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्यात आहे, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे. प्रवक्ता समूहाला एकजिनसी धरून चालतो; त्याचे बळ समूहाच्या संख्येत असते, आणि म्हणूनच समूहात दोन मते आहेत ही गोष्ट चव्हाट्यावर येणे त्याला परवडत नाही. अर्जदाराचे बळ त्याच्या तक्रारीच्या खरेपणात असते. तो एकटा असला तरी कायद्यापुढे पुरा माणूस असतो, आणि त्याच्या शेजाऱ्याने नेमका उलट अर्ज केला तरी त्याचा अर्ज त्यामुळे निकालात निघत नाही. प्रवक्त्याशी सरकार वाटाघाट करते, निवडणुकीच्या आधी जरा जास्त आपुलकीने करते. अर्जदाराला मात्र सरकारने उत्तर द्यावे लागते, मग ते नकाराचे का असेना. महाराष्ट्रातील मुसलमानांच्या गेल्या साठ वर्षांच्या सार्वजनिक जीवनात जे जे टिकाऊ उभे राहिले, ते बहुतांशी अर्जदारांच्या लहानलहान मंडळांनी उभे केले आहे, आणि त्यांच्याकडे आपले सर्वांचेच, हिंदूंचे तसेच मुसलमानांचे, अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे, हे माझे प्रतिपादन आहे.

येथे एक गोष्ट सहज मनात येते. अर्ज, दाखला, हक्क, वकील, कायदा, आणि ज्याच्याशिवाय यांतले काहीच पुरे होत नाही ती सही, हे सारे शब्द अरबीतून फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आले आणि इतके मुरले, की खेड्यातली म्हातारीही ते आपल्या माहेरचे समजून वापरते. हक्क मागण्याची आपली भाषाच मुळी अशी सामाईक आहे. असे असता, मुसलमान माणूस हक्काची भाषा बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी का पडावी, हे मला कधी उमगलेले नाही.

एकट्या अर्जदाराचा कागद मात्र कचेरीत फार वेळ तग धरीत नाही. तो टेबलाखाली सरकतो, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या सबबीने महिनोन्महिने पडून राहतो, आणि अर्जदाराची रोजी बुडू लागली की आपोआप मरतो. कागदाला जिवंत ठेवण्यासाठी त्याच्या पाठीमागे चार माणसे, एक वही, एक शिक्का आणि पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी लागते. यालाच आपण संस्था म्हणतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे मंडळ स्थापन करण्यास निदान सात जणांच्या सह्या लागतात. १९६६ च्या मोर्चातल्या स्त्रियाही सातच होत्या, हा योगायोग आहे खरा. परंतु लाखांच्या समाजातून सातच निघाल्या म्हणून ज्यांनी त्यांना तुच्छ लेखले, त्यांना कायद्याची ही साधी गोष्ट ठाऊक नसावी, की सात हा आकडा आरंभाला पुरतो.

अशा मंडळांचा इतिहास महाराष्ट्रात दलवाईंच्या पुष्कळ आधी सुरू होतो. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था काढली, आणि बोरीबंदरासमोरची तिची इमारत आजही शाळेच्या मुलांनी गजबजलेली असते. तेच बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद यांच्यासारखे थोर पुरुष मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे बजावीत असता तय्यबजींनी घेतलेली भूमिका मोठी समंजस होती: जी गाऱ्हाणी साऱ्या देशाची आहेत ती साऱ्या देशाबरोबर मांडावीत, आणि जे प्रश्न आपल्या समाजाचे विशेष आहेत त्यांच्यासाठी आपली वेगळी संस्था चालवावी. एकाच माणसाने सकाळी अंजुमनच्या सभेस जावे व सायंकाळी काँग्रेसच्या, यात त्यांना विसंगती दिसली नाही. पुढच्या साठ वर्षांत हा समंजसपणा प्रवक्त्यांच्या कोलाहलात बुडून गेला, आणि त्याची किंमत दोन्ही समाजांनी मोजली. ती कथा सर्वांना ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर जो मुसलमान समाज येथे राहिला, तो भेदरलेला होता. फाळणीचे ओझे त्याच्या खांद्यावर होते, त्याचे बरेचसे वकील-डॉक्टर सीमेपलीकडे गेले होते, आणि उरलेल्यांना सांगितले जात होते की तुम्ही गप्प बसा, तुमच्या वतीने आम्ही बोलतो. हे सांगणारे जसे मशिदीच्या आवारात होते तसेच राज्यकर्त्या पक्षाच्या कचेरीतही होते. या दुहेरी मुखत्यारीविरुद्ध दलवाईंचे बंड होते. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हा नावासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये याच शहरात सत्यशोधक समाज स्थापला होता, आणि मुहंमद पैगंबरांवर आदराने अखंड लिहिणारे फुले हे मुसलमान सुधारकाला परके वाटण्याचे कारणच नव्हते. पुढच्याच वर्षी पुण्यात मंडळाने मुस्लिम महिलांची परिषद भरविली. त्याच सुमारास, १९७२ च्या डिसेंबरात, मुंबईत देशभरचे उलेमा व पुढारी जमले आणि त्यातून अखिल भारतीय मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळ जन्मास आले. एरवी एकमेकांच्या मागे नमाज पढण्यास कांकू करणारे पंथ त्या दिवशी एका व्यासपीठावर बसले. अर्जदार बोलू लागला की प्रवक्ते आपसांतली भांडणे विसरून एक होतात, हे त्यानंतर आपण पुष्कळदा पाहिले आहे.

दलवाई १९७७ च्या मे महिन्यात, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. त्यांच्या धैर्याविषयी मला काडीइतकी शंका नाही. समाजाचे दगड आणि बहिष्कार अंगावर घेऊन त्यांनी जे सांगितले ते सांगण्याची हिंमत त्या काळी दुसऱ्या कोणात नव्हती. पण त्यांच्या पद्धतीत एक उणीव राहिली, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच ती बोलून दाखविली पाहिजे. धर्मचिकित्सेच्या ज्या उंचीवरून ते बोलत, तेथपर्यंत मोहल्ल्यातली साधी, रोजे धरणारी, मुलाला ताप आला की पाण्यावर फुंकर मारून घेणारी बाई चढून जाऊ शकत नव्हती. तिला तलाकचा जाच हवा नव्हता. पण त्यासाठी आपले सारे घर मोडावे असेही तिला वाटत नव्हते. मंडळाच्या सभांना मुसलमानांपेक्षा हिंदूच अधिक टाळ्या वाजवतात, हा आरोप विरोधकांनी आकसाने केला असेल. तरी त्यातले तथ्य मंडळाच्या पुढच्या पिढीने ओळखले. मेहरुन्निसा दलवाई, हुसेन जमादार, सय्यदभाई यांनी सभांइतकेच लक्ष तलाकपीडित बाईच्या पोटगीकडे, तिच्या मुलांच्या शाळेकडे, तिच्या कोर्टाच्या तारखांकडे दिले. सय्यदभाई या कामात शिरले ते स्वतःच्या बहिणीला तलाक मिळाल्याचे दुःख घेऊन. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या कामाला पन्नास वर्षे होत आली होती. आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘दगडावरची पेरणी’ असे नाव दिले आहे, आणि त्या नावात तक्रारीचा सूर मला ऐकू येत नाही. पाऊस कधीतरी पडेल या हिशेबाने पेरणाऱ्या शेतकऱ्याचा सूर ऐकू येतो.

१९८२ साली जळगावात एक निराळा प्रसंग घडला. मुसलमान स्त्रियांनी सिनेमा पाहू नये, असा हुकूम तेथील जमातीच्या पंचांनी काढला. रझिया पटेल या तरुण मुलीने त्याविरुद्ध स्त्रियांना एकत्र करून सत्याग्रह केला. सिनेमा ही क्षुल्लक गोष्ट, त्यासाठी एवढे का, असे त्या वेळी सुजाण म्हणवणाऱ्यांनीही विचारले. तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभे राहणे ज्या स्त्रीला स्वतःच्या निर्णयाने जमत नाही, ती मतदानाच्या रांगेत कोणाच्या निर्णयाने उभी असते, हा प्रश्न त्यांना सुचला नाही.

अर्जदारावर प्रवक्त्यांनी मात कशी करावी, याचा धडा शाहबानो प्रकरणात आहे. इंदूरच्या या वृद्धेला त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढले गेले. पुढे वकील नवऱ्याने तिला तलाक दिला. न्यायदंडाधिकाऱ्याने तिला महिना २५ रुपये पोटगी ठरविली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असता, ती कायम केली. एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे! त्यानंतर देशभर जे मोर्चे निघाले, संसदेत जी भाषणे झाली, १९८६ चा जो कायदा झाला, त्या सगळ्या गदारोळात तो वीस पैशांपर्यंत मोजलेला अर्ज कोणाच्या ध्यानात राहिला? अखेर त्या बाईनेच आपल्याला हा निकाल नको असे जाहीर केले. तिच्यावर काय दडपण आले असेल याची कल्पना, भरल्या गल्लीत ज्यांना उद्याही राहायचे आहे, त्यांनाच येईल. आणि तरीही, तिचे वकील दानियाल लतीफी यांनी त्याच १९८६ च्या कायद्याला आव्हान दिले, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा असा अर्थ लावला, की तलाकनंतरच्या इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची वाजवी तजवीज केली पाहिजे. मोर्चे विरले, अर्ज पंधरा वर्षे चालत राहून मुक्कामी पोहोचला.

शाहबानोनंतरच्या पिढीत मुसलमान स्त्रियांच्या ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांनी दलवाईंचे धैर्य घेतले आणि त्यांची उणीव भरून काढली. मुंबईच्या आवाज-ए-निस्वाँने गल्लीतली बैठक हे आपले कार्यक्षेत्र मानले. २००७ साली स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने एका हातात संविधान व दुसऱ्या हातात कुराण धरले, आणि ‘आमचा अल्ला अन्यायी नाही’ या भूमिकेवरून मौलवींशीच शास्त्रार्थ मांडला. नुसता शास्त्रार्थ करूनही त्या थांबल्या नाहीत. दहा राज्यांतील ४,७१० स्त्रियांना त्यांनी विचारले, आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा शेकडा ९२ हून अधिक जणींना तोंडी, एकतर्फी तलाक बंद व्हावयास हवा होता. समाजाच्या इभ्रतीसाठी स्त्रिया गप्प आहेत म्हणजे त्या संतुष्ट आहेत, असे आजवर प्रवक्ते परस्पर सांगत होते. कोणी जाऊन विचारले नव्हते एवढेच.

हाजी अलीच्या दर्ग्याचे प्रकरण मला याहून बोलके वाटते. मजारीपर्यंत जाण्याची स्त्रियांची वहिवाट जुनी होती. २०११-१२ च्या सुमारास विश्वस्तांनी ती बंद केली. आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाझ व झकिया सोमण यांनी आधी विश्वस्तांकडे दाद मागितली, शासनाच्या निरनिराळ्या कचेऱ्यांकडे अर्ज केले, आणि कोठेच काही होईना तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने बंदी उठविली. विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण तेथे त्यांनीच स्त्रियांना प्रवेश देण्याचे मान्य केले. आणि २९ नोव्हेंबरला स्त्रिया चादर घेऊन आत गेल्या. त्या धर्माविरुद्ध गेल्या नव्हत्या, दर्शनासाठी गेल्या होत्या. आजी जेथे डोके टेकवीत होती तेथे नातीला डोके टेकवायचे होते, आणि त्यासाठी तिला संविधानाचा आधार घ्यावा लागला. श्रद्धा आणि नागरिकत्व ही एकमेकांची वैरी आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी या एका प्रसंगाचा सावकाश विचार करावा.

२२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरविला, आणि २०१९ साली संसदेने तो देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरविली. येथे स्त्रियांच्या संस्थांतच फूट पडली. महिला आंदोलनाला कायदा हवा होता. मुंबईच्याच बेबाक कलेक्टिव्हने, ज्याने तलाकच्या खटल्यात स्त्रियांची बाजू मांडली होती, कैदेच्या तरतुदीला कडाडून विरोध केला, कारण नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोणाकडून वसूल करावयाची आणि त्याला तुरुंगात घालविणाऱ्या बाईला सासर उंबरठ्याच्या आत कसे घेणार, हे प्रश्न त्यांच्या कार्यकर्त्या रोज ऐकत होत्या. मला स्वतःला बेबाकचे म्हणणे अधिक पटते. ज्या बाईने छप्पर मागितले तिला तुरुंगाची किल्ली देऊन भागत नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे, की मुसलमान स्त्रिया आपसांत कायद्याच्या कलमांवर, उघडपणे, एकमेकींची नियत न काढता भांडू शकल्या. हे प्रवक्त्यांच्या राजकारणात कधीच होऊ शकले नसते.

आता जे मी लिहीत आहे ते माझ्या हिंदू वाचकांना थोडे कडू लागेल, पण ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तलाकपीडितेचा अर्ज ऐकताना ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांतल्या पुष्कळांचे कान तोच समाज घर भाड्याने मागतो, नोकरी मागतो, पोलिसांच्या वागण्याबद्दल दाद मागतो, तेव्हा मात्र बंद होतात. समाजाने आधी स्वतः सुधारावे आणि मग हक्क मागावेत, असे एक व्याज भरल्यावर मुद्दल देण्याजोगे तर्कशास्त्र त्यामागे असते. हक्क हे सुधारणेचे बक्षीस नाही. ज्या हिंदू समाजात हुंडा आहे, विधवेची विटंबना आहे, पाणवठ्यावरची अस्पृश्यता कालपरवापर्यंत होती, त्याला कोणी असे सांगितले होते का? आणि उलट बाजूने, बाहेर वादळ आहे तोवर घरातली भांडणे मिटवून ठेवा, असे जे समाजातले वडीलधारे सांगतात, त्यांनाही हेच विचारले पाहिजे: वादळ कधी नव्हते? नागरिकाला दोन्ही दिशांना अर्ज करता आला पाहिजे, आपल्या जमातीकडे आणि आपल्या सरकारकडे, आणि एकीकडे केलेला अर्ज दुसरीकडे पुरावा म्हणून वापरला जाऊ नये.

सरकारकडच्या अर्जांचा इतिहास तर वर्तमानपत्रांत जवळजवळ आलेलाच नाही. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुसलमान इतर मागासवर्गीयांची संघटना बांधली, आणि गावोगाव सभा घेऊन एक गोष्ट सांगितली, की बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मोमीन ही माणसे आधी कष्टकरी जातींची आहेत, आणि मंडल आयोगाचे जे हक्क हिंदू माळ्याला व तेल्याला मिळतात ते त्यांनाही मिळाले पाहिजेत. दिलीपकुमार, जे स्वतः फळांच्या व्यापाऱ्याचे पुत्र, या चळवळीच्या व्यासपीठावर येत, आणि त्यांना पाहण्यास लोटलेली गर्दी घरी जाताना जातीच्या दाखल्याविषयी बोलत जाई. १९९४ साली शासनाने या मुसलमान जातींना सवलती देणारा निर्णय काढला. इस्लाममध्ये जात नाही, असे मशिदीतून सांगितले जात असता आपली जात सरकारी कागदावर नोंदवून घेणे, याला आतून किती विरोध झाला असेल ते सांगावयास नको.

निर्णय निघाला म्हणजे दाखला मिळाला, असे मात्र नसते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तेथील एका छोट्या मुसलमान मंडळाच्या कार्यकर्त्यासोबत मी तहसील कचेरीत गेलो होतो. आमच्याबरोबर केळीचा गाडा लावणारे एक बागवान होते. मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता आणि मुदत चार दिवसांवर आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी आपल्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. घड्यांवर तो इतका विरला होता की कारकुनाने हात न लावताच वाचला. जातीच्या रकान्यात मास्तरांनी ‘मुसलमान’ एवढेच लिहिले होते.

‘चाचा, मुसलमान हा धर्म झाला,’ कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, कंटाळा होता. ‘बागवान असल्याचा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो आणा.’

चाचांनी कार्यकर्त्याकडे पाहिले. त्या पंचविशीतल्या पोराने खांद्यावरच्या झोळीतून एक जुने खरेदीखत काढले. निजामाच्या अमदानीतले, उर्दूत लिहिलेले. चाचांच्या आजोबांनी ओढ्याकाठची अर्धा एकर बाग घेतली होती तिचे. कचेरीत उर्दू वाचणारे कोणीच नव्हते. पोराने बोट ठेवून मोठ्याने वाचले, मग मराठीत सांगितले, आणि नावापुढचा ‘बागवान’ हा शब्द आला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा दुसरा कारकूनही उठून पाहावयास आला. तरीही काम त्या दिवशी झाले नाही. अधिकृत भाषांतर आणा, प्रतिज्ञापत्र करा, असे हुकूम झाले. मात्र अर्ज आवक रजिस्टरला चढला, त्याला क्रमांक पडला, आणि तो क्रमांक त्या पोराने आपल्या वहीत लिहून घेतला. त्याच्या वहीत असे दोनशेच्या वर क्रमांक होते. दाखला मुदतीच्या शेवटच्या दुपारी मिळाला, असे पुढे त्याच्याकडून कळले.

त्या वहीची आठवण मला सच्चर समितीचा अहवाल वाचताना झाली होती. २००६ च्या नोव्हेंबरात संसदेपुढे आलेल्या त्या अहवालाने लोकसंख्येत शेकडा १३.४ असलेल्या समाजाचे प्रशासन सेवेतील प्रमाण अवघे तीन असल्याचे दाखवून दिले, आणि मुसलमानांचे लाड होतात या जुन्या दंतकथेला सरकारी आकड्यांनी उत्तर मिळाले. महाराष्ट्राने २००८ मध्ये महमूद-उर-रहमान समिती नेमली, तिने २०१३ साली अहवाल दिला, २०१४ च्या जुलैत पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला, उच्च न्यायालयाने नोव्हेंबरात शिक्षणापुरते ते चालू ठेवण्यास हरकत घेतली नाही, आणि डिसेंबरात नव्या सरकारने कायदा न केल्याने वटहुकूमच संपला. हातचा घास गेला. २८८ आमदारांच्या आपल्या विधानसभेत २०१९ मध्ये दहा मुसलमान होते, २०२४ मध्येही दहाच आले. राज्याच्या लोकसंख्येत हा समाज शेकडा साडेअकरा आहे. सभागृहात आवाज एवढा क्षीण असता, सभागृहाबाहेरच्या मंडळांवर किती भार पडतो, याचा अंदाज यावरून यावा.

भिवंडीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भाजलेल्या त्या मागांच्या गावात सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या, हिंदू-मुसलमानांना सामान्य तक्रारींसाठी एकत्र बसण्याची सवय लावली, आणि १९९२-९३ साली शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. दंगलीच्या रात्री कोणाला हाक मारावयाची, हे आधीच्या चार वर्षांत नळाच्या आणि गटाराच्या तक्रारी एकत्र मांडताना ठरून गेले होते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड आहे. मुसलमान समाज दान करीत नाही असे कोणी म्हणणार नाही. बचतीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढणारी लाखो घरे आहेत. परंतु तो पैसा मदरशाला, यतीमखान्याला, गरिबाच्या औषधाला जातो. तहसील कचेरीतले दोनशे क्रमांक सांभाळणाऱ्या पोराच्या एस.टी.च्या भाड्याला जात नाही. असा खर्च जकातीतून करावा की नाही, याविषयी उलेमांत मतभेद आहेत, आणि सावध माणूस मतभेद असेल तेथे खिसा उघडत नाही. मग संस्था परदेशी निधीकडे वळतात, आणि २०१० चा परकीय देणग्यांचा कायदा व त्याची २०२० ची कडक दुरुस्ती त्यांच्या मानेवर बसते; शिवाय मुसलमानांची संस्था आणि बाहेरचा पैसा हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढचा मजकूर कोणी वाचतच नाही. यावर मला एकच मार्ग दिसतो, आणि तो फार जुना आहे: वर्गणी. महिना दहा रुपये देणारी दोनशे माणसे ही वर्षाला दोन लाख देणाऱ्या एका दात्यापेक्षा अधिक मोलाची, कारण दाता रुसला तर मंडळ बंद पडते आणि दोनशे माणसे एकाच दिवशी रुसत नाहीत. आणि ज्याने पावती फाडून घेतली आहे तो हिशेब विचारतो, हिशेब विचारता विचारता त्याला सरकारलाही हिशेब विचारण्याची सवय लागते.

गेल्या वर्षी सोलापूरकडच्या एका वस्तीत विड्या वळणाऱ्या मुसलमान स्त्रियांनी आपले मंडळ नोंदवावयाचे ठरविले. पानांच्या वजनात होणारा घोटाळा आणि थकलेला भविष्यनिर्वाह निधी या त्यांच्या तक्रारी होत्या. तलाकची एक होती, तिच्याविषयी त्या हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तेव्हा सुपांत तेंदूची पाने तशीच ठेवून त्या धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावयाच्या कागदांभोवती बसल्या होत्या. सहा सह्या झाल्या होत्या, त्यांपैकी दोन डाव्या अंगठ्याच्या. सातवीच्या नवऱ्याने अजून होकार दिला नव्हता. तिने कागद हातात घेऊन आपल्या नावापुढची रिकामी जागा पाहिली, तो खाली ठेवला, तंबाखूने पिवळी झालेली बोटे पदराला पुसली आणि पुन्हा उचलला. तिच्या थोरल्या जावेने विचारले, ‘त्यांना मी बोलू का?’ ती म्हणाली, ‘नको, भाभी. माझं मीच बोलते. जुम्म्यापर्यंत थांबा.’